‘मस्ट’ या क्रियापदाची किंमत

तांत्रिक मानकांची भाषा हा भाषाशास्त्राचा विषय नव्हे, असा एक समज आपल्या विभागांत रूढ आहे. तो मला मान्य नाही. संगणकाने जाळ्यावरून दूरच्या साठवण-यंत्राशी व्यवहार कसा करावा हे ठरविणाऱ्या ‘आयस्कझी’ मानकातील एकच विधान येथे परीक्षणास घेतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या मानकानुसार, ओळख पटविण्याची ‘चॅप’ ही पद्धत प्रत्येक उत्पादनात अंतर्भूत असलीच पाहिजे. ती वापरलीच पाहिजे असे मात्र नाही. हा भेद ध्यानात ठेवावा.

इंटरनेटच्या मानकांत ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ ह्या शब्दांचे अर्थ १९९७ साली निश्चित झाले. ‘मस्ट’ म्हणजे निरपवाद आवश्यकता. साहजिकच वाचक समजतो, की ‘चॅप’ गुणांनी श्रेष्ठ ठरली असावी. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘चॅप’चा संवाद चोरून ऐकणारा मनुष्य पुढे सवडीने एकेक परवलीचा शब्द ताडून पाहू शकतो. म्हणूनच ९६ बिटांहून लहान गुपितांविषयी मानकाला सावधगिरीच्या अटी घालाव्या लागल्या. स्टॅनफर्डच्या थॉमस वू यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘एसआरपी’ पद्धतीत हा दोष नाही, आणि आधीच्या मसुद्यात अनिवार्यतेचे स्थान तिलाच होते. स्टॅनफर्डने तिचा परवाना विनामूल्य देऊ केला होता. परंतु बेल लॅबोरेटरीजच्या बेलोविन व मेरिट यांच्या १९९२ च्या ‘ईकेई’ पद्धतीचे पेटंट पुढे ल्यूसंटकडे होते; त्याची कक्षा ‘एसआरपी’पर्यंत पोहोचते काय, ही शंका उरली. ऐच्छिक गोष्ट उत्पादक वगळू शकतो, अनिवार्य गोष्ट नाही. म्हणजे त्या एका क्रियापदाने प्रत्येक उत्पादकाच्या माथी संभाव्य देणे बसले असते. अखेर ‘चॅप’ला ‘मस्ट’ मिळाले. ‘एसआरपी’ ऐच्छिक राहिली.

समितीला मी दोष देत नाही. लहान उत्पादकाला कोर्टाच्या दारात उभे करणे शहाणपणाचे नव्हते. माझा आक्षेप गद्यावर आहे. गुणवत्तेचा निर्णय आणि कायद्याची धास्ती ह्या दोहोंना तेथे एकच शब्द आहे, आणि त्या विधानापाशी कारण दिलेले नाही. ‘ईकेई’चे पेटंट २०११ मध्ये संपले, २०१४ च्या सुधारित मानकातही ‘चॅप’चे ‘मस्ट’ अबाधित राहिले. जुन्या यंत्रांशी मेळ राखणे हे त्याचे सबळ कारण असू शकेल, पण वाचकाला ते कळावे कसे?

ह्या दृष्टीने भारत सरकारचे २०१० चे ई-प्रशासनातील मुक्त मानकांचे धोरण अधिक प्रांजळ वाटते. आवश्यक पेटंटे मानकाच्या आयुष्यभर विनामूल्य उपलब्ध असावीत, ही अपेक्षा त्याच्या मजकुरातच आहे. त्याची व्याप्ती मात्र शासकीय व्यवहारापुरती.

मराठीत तर अडचण दुहेरी. आपला विध्यर्थ कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता सारे एकाच ‘-वा’ प्रत्ययावर वाहतो. येथे, कारंजा (घाडगे) येथे, वर्गात हे विधान भाषांतरास दिले, तेव्हा बहुतेकांनी ‘अंतर्भाव करावा’ असे लिहिले. एका विद्यार्थिनीने ‘करावाच लागेल’ असे लिहून समासात विचारले होते : कोणामुळे?