अण्वस्त्रांच्या अपघातांची सरकारी यादी : एक चिकित्सा

बखर आणि अस्सल पत्र यांत प्रामाण्य कोणाचें, हा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं. प्रसंग घडून गेल्यावर धन्याच्या सोईनें लिहिलेला वृत्तांत एका बाजूस. कामाच्या घाईंत, परक्याच्या नजरेस पडूं नये अशा बुद्धीनें लिहिलेलें चिठोरें दुसऱ्या बाजूस. हीच कसोटी आपल्या काळाच्या एका कागदास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो कागद म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें १९८१ सालीं प्रसिद्ध केलेली अण्वस्त्रांच्या अपघातांची यादी. १९५० पासून १९८० पर्यंतचे ३२ अपघात तींत नोंदले आहेत. सरकारची सिद्धता किती होती हें ठरविण्यास ही यादी आजही पुरावा म्हणून पुढें केली जाते, म्हणून तिची छाननी अवश्य आहे.

यादीची भाषा कोरडी व कमावलेली आहे. तारखा व स्थळें भरंवशाचीं आहेत. धडधडीत असत्य शोधूं जाणाऱ्याच्या हातीं फारसें लागणार नाहीं. दोष आहे तो वगळण्यांत. आणि वगळलेलें बखरींत दिसत नाहीं, तें पत्रांतच पाहावें लागतें.

गोल्ड्सबरोची नोंद घ्या. १९६१ च्या जानेवारीच्या २४ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर, बी-५२ जातीचें बाँबफेकी विमान नॉर्थ कॅरोलायना प्रांतांत आकाशांतच मोडलें. आठांपैकीं तीन वैमानिक मेले. त्यांतील दोन हायड्रोजन बाँब सुटून खालीं आले. यादी म्हणते कीं, एकाची हवाई छत्री उघडली व त्यास थोडीच इजा झाली. दुसरा आपटून फुटला. त्याचा युरेनियमयुक्त एक भाग पाणथळ शेतांत ५० फूट खणूनही मिळाला नाहीं. तेव्हां तेथें परवानगीवांचून कोणी खणूं नये असा हक्क वायुदलानें विकत घेतला. स्फोट झाला नाहीं. नोंद संपली. वाचणाऱ्याचा ग्रह असा होतो कीं, बंदोबस्त चोख होता म्हणूनच स्फोट टळला.

आतां अस्सल कागद पाहूं. २२ आक्टोबर १९६९ रोजीं सँडिया प्रयोगशाळेतील अण्वस्त्र-सुरक्षेचे एक अधिकारी पार्कर जोन्स यांनीं एक लहानसें टिपण लिहिलें. राल्फ लॅप यांच्या १९६२ च्या ग्रंथांत असें विधान होतें कीं, त्या बाँबच्या सहा सुरक्षा-कळांपैकीं पांच सुटल्या होत्या. जोन्स हे लॅप यांची चूक काढावयास बसले होते, आणि त्यांनीं ती काढलीही : कळा सहा नव्हत्या, चारच होत्या. परंतु त्या चारांपैकीं तीन निरुपयोगी ठरल्या होत्या. उरली ती कमी दाबाच्या विजेवर चालणारी एक साधी कळ. विमान मोडतांना तिच्या तारेंत वीज शिरणें अशक्य नव्हतें, आणि तसें होतें तर अणुस्फोट होऊं शकला असता, असा त्यांचा अभिप्राय. सतत आकाशांत ठेवलेल्या विमानांतून नेण्यास हा बाँब पुरेसा सुरक्षित नव्हता, हा त्यांचा निष्कर्ष. जो प्रतिपक्षाचें खंडन करावयास निघाला त्याच्याच लेखणींतून ही कबुली उतरली, म्हणून आम्ही तिला मोठें मोल देतों. हें टिपण यादीच्या आधीं १२ वर्षें सरकारच्या दप्तरांत पडून होतें. बाहेर आलें तें २०१३ सालीं.

मात्र टिपण अस्सल म्हणून त्याच्याभोंवतीं उठलेली प्रत्येक कथा ग्राह्य होत नाहीं. दुसऱ्या बाँबची कळ सज्ज स्थितींत सांपडली, ही आठवण अलीकडे फार सांगितली जाते. ती खरी आहे. पण तपासाचे कागद असें दाखवितात कीं, आपटण्याच्या धक्क्यानें कळ फिरली तशाच तिच्या विजेच्या जोडण्याही मोडल्या. अर्धीच गोष्ट उचलणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

थूलेचें प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे. २१ जानेवारी १९६८ रोजीं ग्रीनलंडच्या थूले तळाजवळ, गोठलेल्या समुद्रावर, चार बाँब घेऊन निघालेलें बी-५२ कोसळलें. सातांपैकीं एक वैमानिक मेला. यादीप्रमाणें चारही अस्त्रें आगींत नष्ट झालीं आणि चार महिन्यांत २,३७,००० घनफूट दूषित बर्फ, हिम व पाणी अमेरिकेस हलविलें. त्याच उन्हाळ्यांत समुद्रतळाशीं पाणबुडी सोडून शोध चालला होता, त्याविषयीं यादींत अवाक्षर नाहीं. या मौनाचें फळ असें कीं, २००८ सालीं बी. बी. सी. नें खुल्या झालेल्या कागदांवरून चौथा बाँब समुद्रांत राहिला असें प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं डेन्मार्कचे अभ्यासक स्वेंड आगे क्रिस्टेनसेन यांनीं तेंच दप्तर पुन्हां लावून दाखविलें कीं, बाँब चारही फुटले होते. शोध चालला होता तो एका बाँबच्या पोटांतील युरेनियमच्या दांड्याचा. हें वाचन आम्हांस मान्य आहे. परंतु सरकारनें शोधाची एक ओळ यादींत घातली असती तर हा वाद उद्भवताच ना.

डेन्मार्क सरकारची सिद्धता कशी होती? आपल्या भूमीवर शांततेच्या काळांत अण्वस्त्रें नकोत, हें त्याचें १९५७ पासूनचें जाहीर धोरण. त्याच वर्षाच्या १६ नोव्हेंबरला मुख्य प्रधान एच. सी. हान्सन यांनीं अमेरिकन वकिलास एक गुप्त कागद दिला. थूले येथें अस्त्रें ठेवल्यास तुम्हांस कळवावें काय, या प्रश्नास त्यांत हो नाहीं, नाहींही नाहीं. आपणांस कांहीं म्हणावयाचें नाहीं, एवढेंच. प्रती दोनच, एक इकडे व एक तिकडे. पुढें तेथें खरोखर अस्त्रें ठेवलीं गेलीं. हा कागद १९९५ त उघड झाला. जें नाहीं असें लोकांस सांगितलें, त्याच्या अपघाताची तयारी कोणतें खातें करणार? विमान कोसळल्यावर दोनच दिवसांनीं डेन्मार्कांत निवडणूक होती, हाही योग ध्यानांत घेण्यासारखा आहे. बर्फ उपसण्यास लाविलेल्या डॅनिश कामगारांस भरपाईची रक्कम मिळाली ती १९९५ सालींच, कागद उघड झाल्यावर.

स्पेनमधील पालोमारेस येथील १९६६ च्या अपघाताविषयीं यादीनें सुमारे १,४०० टन माती हलविल्याचें नमूद केलें आहे. ती माती उचलणाऱ्या सैनिकांच्या आजारांचा संबंध त्या कामाशीं गृहीत धरणारा कायदा अमेरिकेंत २०२२ सालीं झाला.

यादींतील शेवटची नोंद सप्टेंबर १९८० ची, आर्कान्सा प्रांतांतील डमास्कसची. एका कामगाराच्या हातून अवजाराचा तुकडा निसटून टायटन जातीच्या क्षेपणास्त्राची टांकी फुटली, कांहीं तासांनीं स्फोट झाला, एक सैनिक मेला. त्या रात्रीं प्रांताचे अधिकारी अस्त्र होतें कीं नाहीं एवढेंच विचारीत होते, आणि वायुदल हो म्हणेना, नाहींही म्हणेना. यादींत मात्र क्षेपणास्त्राच्या टोंकाशीं अण्वस्त्र होतें व तें अभंग सांपडलें असें छापलें आहे. मधें फार तर सव्वा वर्ष गेलें होतें.