साक्ष संपते तिथून पुढे

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे आमच्या भंडारा जिल्ह्यातून जाते. १८९० च्या दशकात राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना गाडीत एक मिशनरी भेटला. गप्पा कवितेपासून धर्मापर्यंत गेल्या आणि त्याने टिळकांच्या हाती बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

चर्चमध्ये साक्ष द्यायला याहून चांगली गोष्ट कुठली? साक्षीचा साचा आपल्याला पाठ आहे. आधी अंधार, मग प्रभूची भेट, मग आनंद. आता ती एका मिनिटाच्या रीलमध्येही बसते. मी अशा साक्षी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. पण त्या फार लवकर संपतात. बाप्तिस्म्यानंतरच्या सोमवारी घरात काय झालं, हे कुणी सांगत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी ते सांगितलं. १९३४ पासून भागाभागाने आलेलं ‘स्मृतिचित्रे’ मला म्हणूनच आजचं पुस्तक वाटतं. त्यात नवऱ्याचा बाप्तिस्मा हा आनंदाचा शेवट नाही. तो घरावर कोसळलेला डोंगर आहे. पुढची जवळपास पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाई परतल्या, त्याही लगेच ख्रिस्ती होऊन नाही. सोवळं सांभाळतच त्या टिळकांजवळ राहिल्या. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारलं, जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळालं आणि सोवळं सुटलं. चमत्कार नाही, दिव्य प्रकाश नाही, फक्त आपल्या डोक्याने केलेला विचार. त्यांची दीक्षा १९०० सालची.

आणि गंमत म्हणजे पुस्तक तिथे थांबत नाही. दीक्षेनंतरही टिळक तेच राहतात, तापट, लहरी, खिशात पैसा न टिकणारे, घर माणसांनी भरून टाकणारे. ज्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात, तोच माणूस बायकोवर भडकतो आणि थोड्या वेळाने विरघळतो. लक्ष्मीबाईही काही संत होत नाहीत. त्या हट्टी आहेत, धांदरट आहेत, भाबड्या आहेत, आणि हे सगळं त्या स्वतःच सांगतात.

‘मी पापी होतो’ हे वाक्य सोपं आहे. त्यात सगळं येतं आणि नेमकं काहीच येत नाही. शिवाय त्यातला ‘होतो’ फार सोयीचा आहे. लक्ष्मीबाई असं मोठं वाक्य बोलतच नाहीत. कुठल्या गोष्टीवरून भांडण झालं, कोण किती चिडलं, समेट कसा झाला, एवढंच सांगतात. त्यांचा प्रामाणिकपणा या बारीकसारीक तपशिलात आहे. विश्वास आला म्हणून स्वभाव जात नाही, आणि स्वभाव राहिला म्हणून विश्वास खोटा ठरत नाही, हे त्यांनी सिद्धांत न मांडता दाखवलं.

तरी या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. लक्ष्मीबाई फार छान हसवतात. नवऱ्याचा राग, न सांगता घराबाहेर निघून जाणं, सगळं त्या अशा विनोदाने सांगतात की आपण हसत पुढची पानं उलटतो. त्या बाईला तेव्हा काय सोसावं लागलं, हे हसण्यात बुडून जातं. यातल्या काही गोष्टींना आज आपण वेगळं नाव देऊ. त्यांनी हसून सोसलं, हा त्यांचा निर्णय होता. पण आज एखाद्या मुलीला कुणी ‘लक्ष्मीबाईंसारखं सांभाळून घे’ म्हणत असेल, तर त्याने पुस्तक नीट वाचलेलं नाही. कारण सांभाळून घेणारी हीच बाई सगळं लिहूनही ठेवते, आपल्या नावानिशी आणि नवऱ्याच्या नावानिशी. तेही टिळक १९१९ मध्ये गेल्यानंतर, जेव्हा लोक त्यांच्याकडे थोर कवी म्हणून बघत होते.

ही तक्रार मला करता येते, कारण तिचा पुरावा लक्ष्मीबाईंनी लपवला नाही. गुळगुळीत साक्षीवर आपण फक्त ‘आमेन’ म्हणू शकतो. ‘स्मृतिचित्रे’शी भांडता येतं. मला वाटतं, चर्चमध्येही असं काही ऐकायला मिळायला हवं, ज्यावर ‘आमेन’ म्हणण्याआधी एखादा प्रश्न विचारता येईल.