नरोटी आणि ताट : मराठीतील कर्णकथा आणि चाहत्या वाचकाचा न्याय

प्रस्तावना

मूळ लेखकाने कथा संपवली तरी आवडत्या पात्राविषयीचे वाचकाचे बोलणे संपत नाही. त्या पात्रावर अन्याय झाला, त्याने अमुक प्रसंगी वेगळे वागायला हवे होते, त्याच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, असे प्रश्न वाचक एकमेकांना विचारत राहतो आणि कधी कधी स्वतःच लेखणी हाती घेऊन त्यांची उत्तरे लिहितो. इंग्रजी साहित्यव्यवहारात अशा लेखनास ‘फॅन फिक्शन’ अशी संज्ञा रूढ झाली आहे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले. आधुनिक चाहता-लेखनाच्या इतिहासात त्याचा उल्लेख प्रारंभीचा टप्पा म्हणून केला जातो. पुढे हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ च्या ग्रंथामुळे हा विषय विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत आला.

योगायोग असा की, १९६७ याच वर्षी मराठीत शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हा लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. या घटनांमध्ये कोणताही कार्यकारणसंबंध नाही. तथापि, आवडत्या पात्राविषयी वाचक कसे बोलतो आणि त्या बोलण्यातून मूळ कथेचे काय होते, हा प्रश्न मराठीपुरता तपासावयाचा झाल्यास कर्णाइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही. प्रस्तुत लेखात कर्णाविषयीच्या मराठी लेखनाचा आणि वाचकचर्चेचा या दृष्टीने विचार केला आहे.

मराठी परंपरेतील पुनर्लेखन

मूळ ग्रंथात आपली भर घालण्याची ओढ मराठीला नवी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्या कार्याच्या शेवटी, जो कोणी ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा इशारा त्यांनी दिला. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. असा इशारा देण्याची गरज भासली, यावरूनच भर घालणारे हात तेव्हाही पुष्कळ होते हे स्पष्ट होते. ते हात वैऱ्यांचे नव्हते, ग्रंथावर प्रेम करणाऱ्यांचेच होते.

महाभारताच्या बाबतीत मात्र मराठी कवींनी हे स्वातंत्र्य मोकळेपणाने घेतले. मुक्तेश्वर, श्रीधर आणि मोरोपंत यांनी भारतकथा आपापल्या परीने सांगितली. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ १७१२ मधला असून खेड्यापाड्यांत पोथी लावण्याच्या प्रथेमुळे तो अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंतही पोचला. लोकपरंपरेने याहून धीट पाऊल टाकले. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांच्यामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या ‘जांभूळ आख्याना’त पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा उत्पन्न होते आणि शेवटी तिला ती कबूल करावी लागते. व्यासांच्या संहितेत ही कथा नाही. पण तिचे बीज संहितेत शोधता येते. उद्योगपर्वात कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगताना श्रीकृष्ण त्याला राज्य देऊ करतो आणि सहाव्या पाळीत द्रौपदीही तुझ्याकडे येईल असे म्हणतो. या एका वाक्यातील शक्यता लोककथाकाराने द्रौपदीच्या बाजूने उलगडली.

प्रत्येक पुनर्कथन हे चाहता-लेखन असते असे मात्र नाही. कथा सांगणे वेगळे आणि एका पात्राचे वकीलपत्र घेऊन कथा सांगणे वेगळे. मूळ कथेने ज्याला न्याय दिला नाही त्याला तो मिळवून देण्यासाठी जेव्हा कथेची पुनर्रचना होते, तेव्हा लेखक चाहत्याच्या भूमिकेत असतो. या अर्थाने कर्णावरील आधुनिक मराठी कादंबरी हे आपल्याकडील सर्वांत यशस्वी चाहता-लेखन होय.

‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’

‘मृत्युंजय’ची रचना नऊ भागांची असून त्यांपैकी चार भाग स्वतः कर्ण बोलतो. उरलेले पाच भाग कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांच्या मुखी आहेत. सहाही निवेदक कर्णाभोवती फिरतात. आईच्या, मित्राच्या, भावाच्या, पत्नीच्या आणि शत्रुपक्षातील देवाच्या अशा सर्व दृष्टिकोनांतून एकाच पुरुषाचे मोठेपण सिद्ध होत जाते. द्रौपदीला आणि अर्जुनाला मात्र या साक्षीदारांत स्थान नाही. कादंबरीच्या प्रभावाची खूण अशी की, शोण आणि वृषाली या नावांना व्यासांच्या संहितेत आधार नसतानाही असंख्य मराठी वाचक त्यांना महाभारतातील पात्रे मानतात.

रणजित देसाई यांच्या ‘राधेय’ (१९७३) या कादंबरीची भूमिका याहून उघड आहे. हा कर्ण महाभारताच्या पानांत धुंडाळण्यापेक्षा वाचकाने आपल्या मनात शोधावा, असे देसाई प्रास्ताविकातच सुचवतात. चाहता-लेखनाची याहून प्रांजळ व्याख्या करणे अवघड आहे. मूळ संहितेऐवजी वाचकाचे मन हाच येथे आधारग्रंथ ठरतो.

या प्रेमाला विरोधही झाला. दाजी पणशीकर यांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ या ग्रंथात व्यासांच्या आधारे या गौरवाची उलटतपासणी केली. तेव्हापासून मराठी वाचकाची कर्णचर्चा खटल्यासारखी चालते. एक बाजू कर्णावरील अन्यायांची यादी मांडते, दुसरी त्याच्या अपराधांची. दोन्ही बाजू निकाल मागतात.

संहिता काय सांगते?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. वि. स. सुखटणकर यांनी १९२५ पासून १९४३ पर्यंत त्याची धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. म्हणजे ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी अभ्यासकांच्या हाती प्रमाण संहिता आली होती. या आवृत्तीच्या प्रकाशात कर्णकथेतील दोन लोकप्रिय समजुती पाहता येतील.

पहिली समजूत अशी की, सूतपुत्र म्हणून द्रोणांनी कर्णाला शिष्यत्व नाकारले. आदिपर्वात द्रोणांकडे शिकावयास आलेल्यांमध्ये राधेयाचा स्पष्ट उल्लेख आहे. शांतिपर्वातील कथेनुसार द्रोणांनी नाकारले ते ब्रह्मास्त्र, आणि तेथे त्यांनी वर्णाचेच कारण पुढे केले. म्हणजे अन्याय झाला, पण तो समजला जातो तसा नव्हे.

दुसरी समजूत अधिक महत्त्वाची आहे. स्वयंवरात कर्ण पण जिंकू लागला असता द्रौपदीने सूतपुत्राला वरणार नाही असे भर मंडपात सांगितले, हा प्रसंग लोकप्रिय कर्णकथेचा कणा आहे. चिकित्सक आवृत्तीने पुरेशा हस्तलिखितांचा आधार नसल्यामुळे तो मुख्य संहितेतून वगळून तळटीपेत टाकला. उलट, कर्ण-शल्यादी राजांना जे धनुष्य वाकवता आले नाही ते हा ब्राह्मण कसे वाकवणार, अशी तेथील ब्राह्मणांची कुजबुज मुख्य संहितेत आहे. म्हणजे या संहितेनुसार कर्ण अपमानित झाला नाही, तो असफल झाला.

द्यूतसभा आणि पश्चात्ताप

हा फरक केवळ पाठचिकित्सेचा नाही. द्यूतसभेत कर्णाने द्रौपदीला उद्देशून जे शब्द वापरले आणि तिची वस्त्रे उतरवण्यास सांगितले, तो भाग मुख्य संहितेत आहे. कर्णाच्या चाहत्यांसमोरील ही सर्वांत मोठी अडचण होय. ती सोडवण्यासाठी स्वयंवरातील अपमान उपयोगी पडतो. तिने अपमान केला म्हणून त्याने सूड घेतला, अशी साखळी जुळते आणि सभेतील अपराधाची निम्मी जबाबदारी द्रौपदीवर येऊन पडते. ज्या वाक्याला संहितेचा भक्कम आधार नाही त्याचा दंड ज्या स्त्रीची विटंबना झाली तिलाच भरावा लागतो. एका पात्रावरील प्रेमाची किंमत दुसऱ्या पात्राने चुकवायची, हा चाहता-लेखनातील नेहमीचा धोका येथे ठळकपणे दिसतो. ‘जांभूळ आख्यान’ही संहितेबाहेरचेच आहे, पण तेथील भर द्रौपदीला मन देते. स्वयंवरातील भर तिच्यावर आरोप ठेवते. दोन्ही नरोट्याच, पण त्यांचे परिणाम सारखे नाहीत.

या साखळीत कर्णाचेही नुकसान होते. उद्योगपर्वात श्रीकृष्णाशी बोलताना, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना आपण जे कटू बोललो त्याचा आता ताप होतो, असे कर्ण स्वतः सांगतो. राज्य, ज्येष्ठत्व आणि विजय समोर असताना तो ते नाकारतो. पराभव कोणाचा होणार हे त्याला कळले आहे आणि आपला अपराधही कळला आहे. व्यासांचा कर्ण थोर वाटतो तो या जागी. त्याला आधीच निर्दोष ठरवले तर हा पश्चात्ताप निरर्थक होतो, कारण निर्दोष माणसाला ताप होण्याचे कारण नाही. सारा दोष त्याच्या माथी मारणारी दुसरी बाजूही याच वाक्यावरून पुढे निघून जाते. खटल्यातील दोन्ही पक्षांना अडचणीचा असलेला हा साक्षीदार म्हणजे स्वतः कर्णच आहे.

कर्वे यांची शिस्त

इरावती कर्वे यांना १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवून देणाऱ्या ‘युगान्त’मध्ये कर्णावरील लेख ‘मी कोण?’ या प्रश्नाभोवती रचलेला आहे. कर्णाच्या दुःखाची त्यात जाण आहे, परंतु वकिली नाही. या लेखाइतकाच महत्त्वाचा आहे त्यांचा द्रौपदीवरील लेख. तेथे संहितेच्या आधारे विवेचन झाल्यावर कर्वे थांबतात आणि येथून पुढची आपली नरोटी आहे असे सांगतात. शब्द एकनाथांचाच आहे. त्यानंतर महाप्रस्थानात कोसळलेल्या द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचे आणि भीमाच्या प्रेमाची तिला पटलेली ओळख यांचे कल्पनाचित्र त्या रेखाटतात.

कर्वे यांनाही पात्रावर प्रेम आहे आणि त्यांनाही भर घालण्याचा मोह आवरत नाही. पण ताट कोठे संपते आणि करवंटी कोठे सुरू होते हे त्या वाचकाला दाखवतात. त्यामुळे वाचक त्यांचे कल्पनाचित्र मनापासून स्वीकारू शकतो आणि व्यासांनाही गमावत नाही.

अध्यापनाच्या संदर्भात

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यांसारख्या गावच्या महाविद्यालयीन वर्गात हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहत नाही. घरातून पदवीपर्यंत पोचणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला कर्ण जवळचा वाटतो. जन्मावरून पात्रता ठरवणे, आखाड्यात कुळ विचारले जाणे, गुणवत्ता असूनही दाराबाहेर थांबावे लागणे हे त्याला पुस्तकाबाहेरही ठाऊक असते. त्याचे कर्णप्रेम भाबडे ठरवून बाजूला सारणे हे अध्यापनाच्या दृष्टीने चुकीचे आणि समीक्षेच्या दृष्टीने उथळ ठरेल. ब्रह्मास्त्राचा प्रसंग दाखवतो की, त्या प्रेमामागील तक्रारीला संहितेतही आधार आहे.

परंतु त्याच वर्गात विद्यार्थिनीही बसलेल्या असतात. स्वयंवरातील एका वाक्यामुळे द्यूतसभा समर्थनीय ठरते, असे त्यांनी निमूटपणे ऐकून घ्यावे अशी अपेक्षा करता येणार नाही. ‘मृत्युंजय’मधील एखादा प्रसंग आणि सभापर्व व उद्योगपर्वातील संबंधित अध्यायांचा मराठी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून वाचणे हा यावरचा साधा उपाय आहे. कोणती भर कोणाच्या प्रेमापोटी आली आणि तिची किंमत कोणी चुकवली, हे विद्यार्थी स्वतः शोधू शकतात.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, आवडत्या पात्राविषयीची वाचकचर्चा मुळात न्यायाची मागणी असते. मराठीत ही मागणी कर्णाच्या निमित्ताने सर्वांत मोठ्या आवाजात झाली आणि तिच्यामागे जातिव्यवस्थेचा खरा अनुभव आहे. मात्र ती पूर्ण करताना मराठी कर्णकथेने द्रौपदीला आरोपी केले आणि कर्णाचा पश्चात्ताप त्याच्याकडून काढून घेतला. एकनाथांनी नरोटी ठेवूच नये असे सांगितले. कर्वे यांनी ती ठेवली, पण ओळखीची खूण करून. वाङ्मयाच्या अध्यापकाला आज एकनाथांची मनाई पाळता येणार नाही, कारण ताटात पुष्कळ नरोट्या आधीच जमा झाल्या आहेत आणि त्यांपैकी काही वाचकांना प्रिय आहेत. कर्वे यांची खूण मात्र प्रत्येक वर्गात करता येण्यासारखी आहे.