नाव कोणाचे? : 'स्टार्ट-अप' ह्या कोरियन मालिकेसंबंधी

पार्क हे-र्युन लिखित 'स्टार्ट-अप' ही सोळा भागांची कोरियन मालिका २०२० साली प्रक्षेपित झाली. नवा उद्योग उभारू पाहणाऱ्या तरुणांचे प्रेम हा तिचा विषय. व्यवसाय हा तीत प्रणयाला केवळ पडद्यासारखा लावलेला आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु दोन्ही सूत्रांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. श्रम एकाचे असता नाव कोणाचे लागावे?

एकाकी नातीला धीर यावा म्हणून आजी हान जी-प्योंग ह्या अनाथ मुलाकडून तिला पत्रे लिहवून घेते. खाली सही मात्र वृत्तपत्रात आढळलेल्या नाम दो-सान ह्या गणितनिपुण मुलाच्या नावाची. पुढे दाल-मी त्या नावाच्या शोधात निघते आणि ज्याने एकही पत्र लिहिले नाही, अशा दो-सानला तिचे प्रेम लाभते. हा योगायोग कृत्रिम खराच. पण लेखिकेने त्याचे मोल पुरेपूर वसूल केले आहे.

कारण व्यवहारातही हेच घडते. भागभांडवल मित्रामित्रांत विभागून टाकण्यास जी-प्योंग कडाडून हरकत घेतो. निर्णायक हिस्सा एकाच्याच हाती हवा, असे तो बजावतो, आणि मैत्रीत तेढ उत्पन्न होते. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत दोघातिघांनी मिळून गाळा भाड्याने घ्यावा व तोंडी बोलीवर काम सुरू करावे, हे आपल्याकडील वाचकास अपरिचित नाही. आपल्या १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार, वेगळा करार नसल्यास भागीदारांचा नफा-तोट्यातील वाटा समान धरला जातो. स्नेहाला हे गृहीत सोयीचे वाटते. भांडवल पुरविणाऱ्यास ते धोक्याचे वाटते. पुढे सिलिकॉन व्हॅलीतील कंपनी ह्या तरुणांचा उद्योग विकत घेते. सह्या झाल्यावर कळते की, तिला हवे होते ते तिघे अभियंतेच. मुख्याधिकारी दाल-मीला तेथे जागा नाही. प्रेमिकांची ताटातूट करण्यास येथे खलपुरुष लागत नाही, न वाचलेला करारनामा पुरतो. मालिकेतील सर्वांत सकस भाग हाच.

झी मराठीवरील 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३–२०१६) ह्या मालिकेतही नायक गोखले गृहउद्योगाचा वारस होता. तेथे मात्र उद्योग आधीच उभा होता आणि संघर्ष घरातल्या नात्यांचा होता. कर्ज, हिस्सा, सही ह्यांतून नाट्य निर्माण होऊ शकते, हे आपल्या मालिकालेखकांना अद्याप फारसे जाणवलेले दिसत नाही.

तीन वर्षांच्या उडीनंतर कोरियन मालिकेची पकड सैल होते. यश भराभर येते, पैशाची चणचण दिसेनाशी होते. तरीही एक तपशील हरवू नये. दाल-मीच्या वडिलांना भांडवल मिळाले त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला होता. थोरली बहीण इन-जे सावत्र पित्याचे आडनाव लावून वाढली. ह्या दोघी बहिणी एकत्र येऊन चालवितात त्या कंपनीला नाव आहे ते त्या वडिलांचे, छंग-म्योंग.