तेरुक्कुरल : रस्त्याचा आवाज

अरक्कोणमचा तरुण रॅपर अरिवू याचा, ऑफ्रोच्या संगीतासह, ‘तेरुक्कुरल’ हा पहिला अल्बम २०१९ साली आला. त्यातला विद्रोह नावापासूनच सुरू होतो. तिरुवळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरळ’मधला ‘कुरळ’ म्हणजे द्विपदी. ‘कुरल’ म्हणजे आवाज आणि ‘तेरु’ म्हणजे रस्ता. अभिजात ग्रंथाच्या नावाशी केलेल्या या श्लेषात वस्तीने भाषेच्या वारशावर आपला हक्क सांगितला आहे. ‘अँटी-इंडियन’मध्ये तर देशद्रोहाची शिवीच शीर्षक झाली आहे. काही ठिकाणी घोषणा कवितेच्या पुढे धावते, हे नोंदवलेच पाहिजे. मात्र रॅप म्हणजे अमेरिकेची उसनवारी, असे म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडेही आहेत. ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, तेव्हाही प्रस्थापितांनी आधी भाषेचा सोवळेपणाच तपासला होता.