चिंध्यांच्या गालिच्यातला रंगक्रम

चिंध्यांचा गालिचा आपोआप रंगीत होतो, असा समज आता पक्का रुजला आहे. बाजारात 'मल्टिकलर चिंधी दरी' म्हणून जे मिळतं त्यात हाताला लागेल ती पट्टी विणलेली असते आणि तो गोंधळच हस्तकलेची खूण म्हणून खपतो. हे मला मान्य नाही. चिंध्यांच्या विणकामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर भाग रंगांचा क्रम ठरवण्याचा आहे, आणि नेमका तोच भाग आज सर्वांत आधी गळतो आहे.

ही कला कुठल्या शिस्तीत वाढली ते स्वीडनमध्ये दिसतं. तिथे जुन्या तागाच्या कापडाला पूर्वी कागद गिरण्यांकडून मागणी असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला, गिरणीचं सुती कापड स्वस्त झालं, आणि घरातल्या चिंध्या घरच्या मागावर आल्या. कार्ल लार्सन या चित्रकाराने आपल्या घराची जलरंगातली चित्रं १८९९ साली 'एत हेम' या पुस्तकात छापली. त्यांतल्या खोल्यांमधून जमिनीवर आडव्या पट्ट्यांचे असे गालिचे पसरलेले दिसतात. त्याची पत्नी कारिन स्वतः विणकर आणि उत्तम आरेखनकार होती. त्या घराची रंगदृष्टी जगाने लार्सनच्या नावावर जमा केली. कारिनचं श्रेय तिला फार उशिरा मिळालं.

साधी आडवी पट्टीसुद्धा हिशेबाशिवाय उतरत नाही. कापड एक-दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत फाडायचं, रंगांनुसार वेगळं करायचं आणि वजन करायचं. लाल कापड एकाच जुन्या परकराचं असेल, तर ते आधीच दोन सारख्या भागांत वाटून ठेवायचं. नाहीतर गालिच्याच्या एका टोकाला लाल येतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचेतो संपतो. विणलेला भाग खालच्या दांडीवर गुंडाळला जातो, त्यामुळे आधीचा क्रम डोळ्यांसमोर राहत नाही. म्हणून जाणती विणकर कडेला एक फीत टाचते आणि तिच्यावर प्रत्येक रंगाची खूण करत जाते. छापील कापडाची पट्टी दुमडली की तिच्यावरची फुलं मोडतात, उरतात ठिपके, आणि लांबून त्यांचा एकच मिश्र रंग दिसतो. हे विणण्याआधी ओळखता येणं म्हणजे या कामातली नजर.

त्यापुढच्या करामती दोन धोट्यांच्या. एक आडवी पट्टी गडद, एक फिकी अशी आलटून पालटून घातली आणि ठोकून घट्ट बसवली की बारीक उभे खांब उभे राहतात. मध्येच एका रंगाच्या दोन पट्ट्या लागोपाठ घातल्या की खांब एक घर सरकतात. हेच ठरावीक अंतरावर करत गेलं की चौकटी जमतात. दोन बाजूंनी दोन रंग आणून ते एकमेकांत अडकवायचे आणि अडकवण्याची जागा दर फेरीला थोडी सरकवायची, की तिरकी कड मिळते, त्रिकोण मिळतो. माग तोच आणि वीणही साधीच. बदलतो तो फक्त क्रम. उलट स्वीडनचाच 'रिप्स' प्रकार घ्या. त्यात उभे धागे इतके दाट असतात की चिंधी त्यांच्याआड लपते आणि सगळी नक्षी ताण्यातून येते. दिसायला तो देखणा असतो, पण चिंधी त्यात केवळ जाडीपुरती उरते. माझ्या लेखी तो या कलेचा दूरचा नातेवाईक.

जपानच्या उत्तरेकडच्या 'साकिओरी'त रंग मुद्दाम संयमाने वापरलेला दिसतो. थंडीमुळे तिथे कापूस पिकत नसे, जुनं सुती कापड दक्षिणेकडून जहाजांनी येई. निळीत रंगवलेल्या त्या कापडाच्या विटलेल्या छटा एकापुढे एक विणल्या जात. एकाच रंगाच्या पाच-सहा छटांवर एवढं काम उभं राहू शकतं, हे पाहून आजच्या बहुरंगी दऱ्या मला उगाच आरडाओरडा करणाऱ्या वाटतात.

आपल्याकडे चिंध्यांच्या दऱ्यांचं मोठं केंद्र पानिपत. कच्चा माल बहुतेक कारखान्यांच्या कापणीतून उरलेला, म्हणजे नवा आणि एकाच रंगाचा ढिगाने मिळणारा. इकिआ डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत आलं. चादरींच्या उत्पादनात उरलेल्या कापडाचे गालिचे तिथे प्रत्येक नग वेगळा म्हणून मिळतात. उरलेलं कापड वाया जात नाही, हे चांगलंच. पण ते वेगळेपण ढिगातून आलेलं असतं, विणणाऱ्याच्या निवडीतून नव्हे. मजुरी बहुधा विणलेल्या क्षेत्रफळावर ठरते. पट्ट्या निवडणं, वजन करणं, जमिनीवर मांडून बघणं या वेळेचा मोबदला तिच्यात धरलेला नसतो. मग कारागीर क्रमाच्या भानगडीत का पडेल?

महाराष्ट्रात जुनं लुगडं मागावर गेलं नाही, सुईकडे गेलं. वाकळ शिवणाऱ्या बायका कोणतं ठिगळ कडेला आणि कोणतं मध्ये हे नीट मांडून बघतात. त्यांच्याकडे ही नजर पिढ्यानपिढ्या आहे. पानिपतच्या किंवा कुठल्याही दरी केंद्राच्या प्रशिक्षणात आरेखन शिकवायला शहरातले डिझायनर बोलावण्याआधी अशा एखाद्या गोधडीवालीला चिंध्यांच्या ढिगासमोर बसवावं, आणि निवडीच्या दिवसाची वेगळी मजुरी दरात धरावी. ही दुसरी गोष्ट जो व्यापारी करील त्याच्या दऱ्या मला बघायच्या आहेत.