इस्लाह आणि संपादन

आपल्या लेखकाचे पुस्तक बहुधा असे निघते : हस्तलिखित टाइप करून घ्यायचे, पदरचे पैसे घालायचे, ओळखीच्या प्राध्यापकांकडून प्रस्तावना मिळवायची आणि प्रकाशन समारंभ करायचा. या वाटेवर संपादक नावाचा माणूस कोठेच भेटत नाही. मुद्रितशोधन झाले की संपादन झाले, असा आपला समज आहे. मुस्लिम मराठी साहित्याच्या आशयाची चर्चा पुष्कळ होते. या उणिवेची होत नाही.

वास्तविक संपादन आपल्याला परके नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू शायरीतील 'इस्लाह' म्हणजे दुसरे काय? शागिर्दाने कलाम दाखवायचा, उस्तादाने शब्द बदलायचा, प्रसंगी शेरच कापायचा. मिर्झा गालिब हे काम टपालानेही करीत. मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेली त्यांची पत्रे याची साक्ष देतात.

मराठीत हे काम छोट्या प्रकाशकांनी केले. आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ साली वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चाने काढला, वर प्रस्तावनाही लिहिली. मुंबईत 'मौज'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी तर संपादन हेच आयुष्याचे काम मानले. लेखकाशी पत्रव्यवहार करायचा, लेखन पुन्हा करवून घ्यायचे, ही त्यांची रीत. पण अभिरुचीची चौकट झाली की काय घडते, तेही येथेच दिसले. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. आपली भाषा त्या चौकटीत मावत नाही, ही त्यांची तक्रार होती.

त्याच पिढीतील अशोक शहाणे यांनी 'प्रास प्रकाशन' चालवले. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली तेथूनच आल्या. 'भिजकी वही' २००३ साली आली आणि २००५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या संग्रहात राबिया, लैला, मैमून आहेत. मोजकीच पुस्तके काढणारा प्रकाशकही भाषेची केवढी सेवा करू शकतो, हे येथे दिसते.

मग आपण संपादकाला का भितो? तो आपली बोली धुऊन काढील, 'अम्मी'ची 'आई' करील, 'नमाज'पुढे कंसात 'प्रार्थना' लिहायला लावील, ही धास्ती आहे. ती निराधार नाही. पण तिच्या आडोशाने आपण ढिलाईही लपवतो. एकाच पुस्तकात रमजान, रमझान आणि रमादान असे तिन्ही आढळते, तेव्हा तो अस्मितेचा प्रश्न नसतो. ती निष्काळजी असते. कथेच्या मध्येच पात्र दोन पाने भाषण देते, तेव्हा विषय कितीही जिव्हाळ्याचा असो, कथा बुडते. हे तोंडावर सांगणारा आणि त्याच वेळी 'अम्मी'ला हात न लावणारा, तोच खरा संपादक.

असा संपादक पगारावर ठेवण्याची ऐपत आपल्या प्रकाशकांत नाही, हे मान्य. पण उर्दूत तनकीदी नशिस्तीची रीत आहे : रचना वाचायची आणि टीका ऐकून घ्यायची. नाशिकला, मालेगावला मराठी हस्तलिखितांसाठी अशी बैठक का भरू नये? छपाईला पैसे लागतात. लाल पेन हाती घेऊन एकमेकांचे लेखन वाचायला सवड आणि दिलदारी लागते. समारंभाची तारीख महिनाभर पुढे गेली तरी हरकत नाही. पुस्तक एकदा छापले गेले की त्यातली चूक लेखकाच्या नावावर कायमची राहते, आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत ती अनेकदा साऱ्या समाजाच्या नावावर मांडली जाते.